जर्मनीचा प्रमुख कोण, एवढाच प्रश्न होता

एप्रिल लागला की आमच्या अकोल्यात दोन वास एकदम सुरू होतात. एक कूलरच्या नव्या ताट्यांचा, ओला, गवताळ. दुसरा झेरॉक्सच्या दुकानातल्या गरम कागदाचा. पहिल्या वासाने जीव थंड होतो. दुसऱ्याने माझं डोकं तापतं, आणि त्याला कारण आहे.

परवा आधार कार्डाची प्रत काढायला गेले, तर दुकानासमोर ही रांग. तोंडाला ओढण्या गुंडाळलेल्या मुली, टोपीखाली ओला रुमाल घातलेली मुलं, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची फाइल. परीक्षांचा मोसम. माझ्या पुढची मुलगी मोबाइलवर उत्तरतालिका पाहत होती. मैत्रिणीला म्हणाली, "हे उत्तर चुकीचं देलं पाय यायनं."

"मंग हरकत घे ना."

"घेऊन काय होते?"

मी प्रत न काढताच घरी आले. काय होतं ते मला माहीत आहे. पाच उन्हाळ्यांपूर्वी मी ते पाहिलंय, आणि त्यात माझा हात होता.

तेव्हा मला निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. अकोल्याच्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षं इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवलं. घरी बसवेना, म्हणून शनिवार-रविवार अमरावतीला एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवायला जायचे. सकाळची बस, मूर्तिजापूरला चहा, नऊला वर्ग. अमरावतीत गल्लीगल्लीत अभ्यासिका आहेत. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक मान खाली घातलेलं डोकं, आणि भिंतीवर चिकटवलेला नकाशा. त्या शांततेत पंख्याचा आवाजसुद्धा मोठा वाटतो.

तिथेच मला सुकेशनी भेटली. तिवशाची. आई अंगणवाडीत सेविका, वडील पंचायत समितीत शिपाई होते, ते वारले. ही घरातली थोरली. अमरावतीत तीन मुलींबरोबर एका खोलीत राहायची आणि अभ्यासिकेतला खिडकीजवळचा कप्पा तिचा. तिथे ऊन येतं म्हणून तो कोणी घेत नसे. हिने मुद्दाम घेतला होता. म्हणे, "झोप नाई येत तिथं."

तिची एक सवय होती. मी काही सांगितलं की बाकीची मुलं लगेच लिहून घेत. ही लिहीत नसे. पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहायची, आणि पटलं की मगच लिहायची. एखादं विधान तिला पटायला दोन-दोन दिवस लागत. मला कधीकधी राग यायचा. पण शिकवणाऱ्याला असा एक तरी चेहरा समोर लागतो.

फेब्रुवारीत मी राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख यांतला फरक शिकवला होता. आपल्याकडे राष्ट्रपती हे राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान हे शासनप्रमुख. इंग्लंडात राजा किंवा राणी, आणि खाली पंतप्रधान. अमेरिकेत दोन्ही एकच माणूस. जर्मनीत राष्ट्राध्यक्ष वेगळा आणि चान्सलर वेगळा. सत्ता चान्सलरकडे, पण राष्ट्रप्रमुख राष्ट्राध्यक्षच. सुकेशनी पेन धरून बसलेली. म्हणाली, "मॅडम, म्हंजे आमच्या गावच्या सरपंचबाईसारखं काय? सही बाईची, अन् बोलते सगळं तिचा नवरा?"

वर्ग हसला. मी म्हटलं, "नाही. तो नवरा कायद्यात कुठेच नसतो. चान्सलर कायद्यात असतो."

तिने थोडा विचार केला आणि लिहून घेतलं. मला आजही ते दिसतं, तिचं ते खाली वाकून लिहिणं. कारण पुढचं सगळं त्या दोन ओळींवरून झालं.

मार्चमध्ये एका खात्याच्या भरतीची परीक्षा झाली. कोणतं खातं ते सांगत नाही, सांगून उपयोग नाही. सुकेशनीसाठी ती शेवटची संधी होती. त्या पदासाठीची वयाची अट जुलैमध्ये संपत होती. पेपर चांगला गेला म्हणून ती पेढे घेऊन अकोल्याला आली, आणि मी तिला ओरडले की निकालाआधी पेढे कसले.

मग एप्रिलमध्ये पहिली उत्तरतालिका आली. त्यात एक प्रश्न होता: खालीलपैकी जर्मनीच्या पहिल्या महिला राष्ट्रप्रमुख कोण? पर्याय चार. पहिला, जर्मनीच्या त्या चान्सलरबाई, ज्यांचं नाव शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. दुसरा आणि तिसरा भलत्याच देशांतल्या बायका. चौथा, यापैकी कोणीही नाही.

सुकेशनीने चौथा लिहिला होता. तालिकेत पहिला होता.

तिचा फोन आला तेव्हा मी नळाचं पाणी भरत होते. आमच्याकडे नळ रोज येत नाही, आला की घरातलं प्रत्येक भांडं भरावं लागतं. बादली तशीच वाहू देऊन मी फोनवर किंचाळले, "साफ चूक आहे! चान्सलर राष्ट्रप्रमुख नसतेच. हरकत घे. आजच घे."

"घेऊ ना मॅडम? म्हंजे तुमाले पक्कं वाटते?"

"पक्कं म्हणजे काय! जर्मनीच्या राज्यघटनेचं कलम जोड."

तिने कलम शोधून काढलं, भाषांतर करून घेतलं, हरकत घेतली. आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, वाहती बादली बंद केली आणि म्हणाले, "जर्मनीचं जर्मनी पाहून घेईल. इथे पाणी चाललं."

मे महिन्यात अंतिम तालिका आली. उत्तर तेच. पहिला पर्याय. निकालाच्या यादीत सुकेशनी एका गुणाने खाली.

एका गुणाने. हे वाक्य आपल्याकडे किती सहज बोललं जातं. त्या दिवशी मला तो एक गुण हातात धरून कुणाच्या तरी तोंडावर फेकावासा वाटत होता. पंचेचाळीस अंश ऊन, खिडक्यांना ओले पडदे, आणि मी घरभर येरझाऱ्या घालतेय. असा प्रश्न काढतंच कोण? राष्ट्रप्रमुख म्हणजे काय हे न कळणारा माणूस राष्ट्रप्रमुखावर प्रश्न काढतो आणि ते कळणारी मुलगी नापास होते! यजमान म्हणाले, "तू बस. तुझा बीपी वाढेल." मी बसले नाही.

सुकेशनीने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. उत्तर कशाच्या आधारावर कायम केलं, एवढंच विचारलं. महिना गेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी ती न सांगता अकोल्याला आली. चेहरा उन्हाने काळवंडलेला, ओढणी खांद्यावर. मी पाणी दिलं, ते तिने टीपॉयवर ठेवलं. पिशवीतून एक झेरॉक्स काढून माझ्यासमोर ठेवली.

"मॅडम, हे पान तुमचंच हाय ना?"

मी चष्मा लावला. एका सामान्यज्ञानाच्या गाइडचं पान होतं. पान एकशे बेचाळीस. वर शीर्षक, 'जगातील पहिल्या महिला'. खाली यादी, आणि यादीत अकराव्या क्रमांकावर त्या चान्सलरबाईंचं नाव, त्यापुढे 'जर्मनीच्या पहिल्या महिला राष्ट्रप्रमुख'. खात्याच्या उत्तरात लिहिलं होतं की तज्ज्ञ समितीने प्रमाणित संदर्भग्रंथाच्या आधारे उत्तर कायम केलं आहे. संदर्भग्रंथाचं नाव दिलं होतं. लेखिकेचंही.

लेखिका मी होते.

ते गाइड मी पूर्वी कधीतरी एका उन्हाळ्यात लिहिलं होतं. अकोल्यातले एक प्रकाशक आहेत, गजाननभाऊ. त्यांना ते तीन आठवड्यांत हवं होतं. 'जगातील पहिल्या महिला' ही यादी त्यांचीच कल्पना. मी त्या बाईंपुढे 'चान्सलर' लिहिलं होतं, तर ते म्हणाले, "मॅडम, चान्सलर म्हंजे पोराईले विद्यापीठाचा वाटते. सोपं लिवा." तर मी 'राष्ट्रप्रमुख' लिहिलं. वर्तमानपत्रात रोज तसंच छापून येतं. दहा राष्ट्रप्रमुखांची परिषद म्हणतात आणि त्यातले सहा पंतप्रधान असतात. मीही हात सैल सोडला. वर्गात जो फरक तीस वर्षं फळ्यावर रेघ मारून शिकवला, तो पुस्तकात एका दुपारी पुसून टाकला, आणि विसरूनही गेले.

"हो," मी म्हटलं. "माझंच आहे."

आतल्या खोलीत यजमानांनी टीव्ही बंद केला. कूलरमधून थेंब पडत होते ते ऐकू यायला लागले.

मग ती म्हणाली, "मॅडम, मी तुमच्या वर्गातलं लिवलं. तुमच्या पुस्तकातलं लिवलं असतं तर लागली असती."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "तुझ्याकडे ते गाइड नव्हतं?"

"होतं ना. वाचलं होतं मी ते पान. तुमी चुकून लिवलं असन असं वाटलं मले."

म्हणजे तिने माझी चूक आधीच पाहिली होती. पाहून माझ्याच बाजूने तिचा अर्थ लावला होता. मी तिची गुरू असेन, पण त्या खोलीत समजूतदार ती होती, आणि मला स्वतःचा इतका संताप आला की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच एक पातेलं घासून ठेवलं.

बाहेर आले तर ती पाणी प्यायली होती. मी म्हटलं, "मी लिहून देते. माझं पुस्तक चुकलं म्हणून. दोघी जाऊ अमरावतीला."

आधी गजाननभाऊंकडे गेले. म्हटलं, प्रकाशकाचंही पत्र जोडलं तर वजन येईल. दुकानात गाइडांचे ढीग छतापर्यंत. भाऊ ऐकून घेऊन हसायलाच लागले.

"मॅडम, काहून डोक्याले ताप करून राहिल्या? पुस्तकात चूक हाय असं लेखकच लिहून देते काय कुठं? उद्या पोरं म्हनतीन, बाकीची पानं बी अशीच असतीन."

"असतील तर तीही बघायला हवीत."

"आता? एवढ्या वर्षानं? अन् तसं पाह्यलं तर त्या बाईच चालवत होत्या ना देश? मंग प्रमुख झाल्याच ना त्या."

मी त्यांना समजावायला लागले आणि मध्येच थांबले. कारण भाऊंचं म्हणणं जगातल्या कोणत्याही शहाण्या माणसाचं म्हणणं होतं. जो चालवतो तो प्रमुख. आमच्या रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून माझं नाव आहे, कायदाच तसा आहे, घरातल्या थोरल्या बाईचं नाव लागतं. पण गॅस कधी लावायचा यापलीकडे या घरात मला कोणी काही विचारल्याचं आठवत नाही. तरी कागदावर प्रमुख मीच. आणि परीक्षेत विचारलं, तर बरोबर उत्तरही मीच.

भाऊंनी पत्र दिलं नाही. मी माझं लिहिलं. पण लिहिताना वाटलं, या वेळी नीट लिहावं. एका बाईंचं नाव चुकलं एवढंच नको, जर्मनीत राष्ट्रप्रमुख कोणाकोणाला म्हणायचं याची पक्की यादीच जोडावी. म्हणजे कोणाला तोंड उघडता येणार नाही. त्या आठवड्यातल्या चार दुपारी मी त्यात घालवल्या, आणि सांगते, इतका वैताग मला तीस वर्षांत तपासलेल्या उत्तरपत्रिकांनीही दिला नव्हता.

सुरुवात कुठून करायची? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एका सभेने ऑस्ट्रियाच्या एका राजपुत्राला जर्मनीचा कारभारी निवडलं. पण जर्मनी नावाचा देश तेव्हा नव्हताच. मग उत्तरेकडच्या राज्यांचा संघ झाला, त्याचं अध्यक्षपद प्रशियाच्या राजाकडे. तो संघ म्हणजे जर्मनी धरायचा का? मग १८७१ साली त्याच राजाला सम्राट केलं. बरं, इथून तरी सोपं असेल म्हणावं, तर तिथेही भांडण. त्याला 'जर्मनीचा सम्राट' व्हायचं होतं आणि त्याला केलं 'जर्मन सम्राट'. कारण बव्हेरिया, सॅक्सनी यांचे राजे आपापल्या जागी राजेच राहणार होते. स्वतःच्याच सोहळ्याच्या दिवशी म्हातारा रुसून बसला होता म्हणे. मला त्याच्याविषयी आपुलकी वाटली. कागदावरच्या एका शब्दासाठी माणूस किती चिडू शकतो ते मला त्या उन्हाळ्यात चांगलं कळत होतं.

पुढे १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या नातवाने गादी सोडली. सोडली म्हणजे, चान्सलरने ती त्याच्या होकाराआधीच जाहीर करून टाकली. खरी सही तो महिनाअखेरीस करतो. मधले दिवस राष्ट्रप्रमुख कोण? पळून गेलेला सम्राट, की राजधानीत बसलेलं सहा जणांचं मंडळ? मी वहीत प्रश्नचिन्ह काढलं. मग राष्ट्राध्यक्ष आले. पहिला, मग म्हातारा सेनापती. तो मरणाला टेकलेला असताना, अजून श्वास चालू असताना, चान्सलरने कायदा करून दोन्ही पदं स्वतःत मिसळून घेतली. त्याचं नाव मला इथे लिहायचं नाही, सगळ्यांना माहीत आहे. त्याला राष्ट्राध्यक्ष म्हणायचं का? त्याने स्वतः ती पदवी लावली नाही. मग मरताना त्यानेच ती पदं पुन्हा वेगळी केली आणि राष्ट्राध्यक्षपद एका दर्यासारंगाला दिलं. तो उत्तरेकडच्या एका गावात तीन आठवडे बसला, हातात देश म्हणून जवळजवळ काही नव्हतं, आणि मग त्याला पकडून नेलं. तो मोजायचा? काही पुस्तकं मोजतात, काही नाही. मग चार वर्षं कोणीच नाही, चार परदेशी सेनापती. मग एकाचे दोन देश. पश्चिमेला राष्ट्राध्यक्ष. पूर्वेलाही आधी राष्ट्राध्यक्ष, तो वारल्यावर एक माणूस नको म्हणून परिषद, आणि त्या परिषदेचा अध्यक्ष.

यजमान चहा घेऊन आले. वही पाहून म्हणाले, "एवढे सगळे?"

"आणि तरी एकसुद्धा पक्का नाही!" मी वही आपटली.

आणि मग चौथ्या दुपारी ती बाई सापडली.

१९९० च्या वसंतात पूर्व जर्मनीत पहिली मोकळी निवडणूक झाली. परिषद बरखास्त केली आणि राष्ट्रप्रमुखाचे अधिकार संसदेच्या अध्यक्षांकडे दिले. त्या अध्यक्ष एक बाई होत्या. पेशाने डॉक्टर. ऑक्टोबरमध्ये त्यांचा देशच दुसऱ्या देशात विरघळला. म्हणजे जवळजवळ सहा महिने जर्मन भूमीवरच्या एका देशाची राष्ट्रप्रमुख एक स्त्री होती, आणि तीस वर्षं इतिहास शिकवणाऱ्या मला तिचं नाव माहीत नव्हतं. माझ्या 'जगातील पहिल्या महिला' यादीत ती नव्हती. कोणाच्याच यादीत ती मी पाहिली नव्हती.

मी सुकेशनीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे मी पन चुकली काय?"

"नाही गं! ती पर्यायात कुठे आहे? तिला मोजलं तरी उत्तर 'यापैकी कोणीही नाही'. नाही मोजलं तरी 'यापैकी कोणीही नाही'. तू दोन्हीकडून बरोबर आहेस."

"दोन्हीकडून बरोबर," ती म्हणाली, "अन् यादीतून बाहेर."

अमरावतीचं ते कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. आम्ही अकराला पोचलो, साहेब एकला आले. माणूस सभ्य होता, आम्हाला बसवलं, पंखा आमच्याकडे वळवला. माझं चार पानी पत्र त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, हे मी त्यांच्या बाजूने सांगेन. मग गाइडची झेरॉक्स शेजारी ठेवली.

"मॅडम, हे पुस्तक तुमचंच?"

"हो."

"आणि हे पत्रही तुमचंच?"

"हो. पुस्तक चुकलं म्हणून तर पत्र लिहिलंय."

त्यांनी दोन्ही कागद जवळ जवळ सरकवले. "पण मॅडम, पुस्तक छापील आहे. पत्र हाताने लिहिलेलं आहे."

मला क्षणभर वाटलं चेष्टा करतायत. नव्हते करत. समितीसमोर छापील संदर्भ लागतो, त्यांनी समजावलं. लेखिकेला आता वेगळं वाटत असेल तर ते त्यांचं वैयक्तिक मत.

"वैयक्तिक मत?" मी उभी राहिले. "अहो, तेच वैयक्तिक मत तुम्ही छापील असताना प्रमाण मानलंत ना?"

सुकेशनीने माझा हात धरून मला खाली बसवलं आणि साहेबांना म्हणाली, "सर, जर्मनीच्या घटनेचं कलम मी पयल्या हरकतीलेच जोडलं होतं. ते तं छापील हाय ना?"

साहेबांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. फाइल मागवली. कलम होतं, भाषांतर होतं, सगळं पिनेने जोडलेलं. ते उघडून पाहिलेलं दिसत नव्हतं. एकही पान उलटल्याची खूण नव्हती. साहेबांनी फाइल मिटली. म्हणाले, "मी पुन्हा समितीसमोर ठेवतो."

त्यांनी शब्द पाळला, हेही सांगितलं पाहिजे. जुलैच्या सुरुवातीला शुद्धिपत्रक निघालं. सदर प्रश्न संदिग्ध असल्याने रद्द करण्यात येत असून सर्व उमेदवारांना एक गुण देण्यात येत आहे.

संदिग्ध! तो शब्द वाचून मी हसले की ओरडले ते आठवत नाही. प्रश्न मुळीच संदिग्ध नव्हता. पर्याय क्रमांक चार, एवढं लिहायचं होतं. पण तसं लिहिलं असतं तर कोणीतरी चुकलं असं झालं असतं. सगळ्यांना गुण दिला की कोणीच चुकत नाही. ज्यांनी चान्सलरबाई लिहिल्या त्यांना, ज्यांनी भलत्या देशातली बाई लिहिली त्यांना, ज्यांनी काहीच लिहिलं नाही त्यांनाही. सुकेशनीचा एक गुण वाढला. तिच्या आगेमागे असलेल्या पुष्कळांचाही वाढला, आणि यादीची रेघच एका गुणाने वर सरकली. ती होती तिथेच राहिली, रेघेच्या खाली.

त्याच महिन्यात तिची वयोमर्यादा संपली.

मी तिला भेटायला तिवशाला गेले. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवत होते आणि काहीच ठरलं नाही. घरी तिची आई होती, अंगणवाडीची रजिस्टरं पुढ्यात घेऊन बसलेली. मला पाहून उठल्या, खुर्ची पुसली. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्या म्हणाल्या, "राहू द्या मॅडम. तुमी कबूल तं केलं. कबूल कोन करते?" आणि पोहे करायला आत गेल्या. कोणी मला बोललं असतं तर मी ते घेऊन घरी गेले असते. त्यांनी पोहे दिले.

सुकेशनी मला बसपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "मॅडम, तुमच्यावर राग हाय माझा. जाईन तो. पन अजून हाय."

मी म्हटलं, "असू दे."

सरकारी नोकरी तिला पुढेही लागली नाही. दुसऱ्या दोन ठिकाणी प्रयत्न झाले, एकात मुलाखतीपर्यंत गेली. आता ती एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते आणि रविवारी तिवशात मुलांना शिकवते. तिच्या हाताखालून गेलेली तीन मुलं नोकरीला लागली. हे मी समाधानाने लिहीत नाही. ती स्वतः लागायला हवी होती.

गेल्या रविवारी तिचा फोन आला. "मॅडम, वर्गावर येता काय? परीक्षा आली जवळ." मी गेले. समाजमंदिराचं सभागृह, सतरंज्या, भिंतीला टेकवलेला फळा. चाळीस मुलं असतील, निम्म्या मुली. मी मागे बसणार होते, तिने पुढे बोलावलं.

"ह्या माझ्या मॅडम," ती मुलांना म्हणाली. "यायच्या पुस्तकात एक चूक हाय. मॅडम, तुमीच सांगा."

मी उभी राहिले. मी सगळं सांगितलं. राष्ट्रप्रमुख म्हणजे काय, चान्सलर म्हणजे काय, मी पुस्तकात काय लिहिलं, त्याने कोणाचं काय गेलं, आणि यादी करताना पूर्व जर्मनीतली ती डॉक्टरबाई कशी सापडली. सुकेशनी भिंतीला टेकून ऐकत होती. तिचा चेहरा मला वाचता आला नाही.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, मंग ते पूर्व जर्मनीतली डॉक्टरबाई. ते मोजायची का नाई?"

मला चार दुपारी आठवल्या. मी म्हटलं, "माझ्या मते मोजायची. अधिकार तिच्याकडे होते, कायद्याने होते, देश छोटा होता आणि लवकर संपला म्हणून ती खोटी ठरत नाही. पण हे मी म्हणते म्हणून लिहू नका. आधी स्वतः पाहून घ्या, चार ठिकाणी पडताळा, मग..."

पण चाळीस माना केव्हाच खाली गेल्या होत्या. माझं 'मोजायची' सगळ्यांच्या वहीत उतरलं होतं, आणि पुढच्या रांगेतली ती मुलगी त्याखाली दोन रेघा मारत होती.